पाच कंठ आणि एक तबकडी

गाणे ऐकावयास बसलेल्या माणसाला गवयाने किती वेळ तिष्ठत ठेवावे, याचा नियम कोणत्याही संगीतशास्त्रात सांगितलेला नाही. आपल्याकडील मैफलीत तंबोरे जुळत असतात, तबलजी हातोडीचे चार ठोके देऊन तबला सुरात आणीत असतो, आणि श्रोता मुकाट्याने बसून राहतो. कारण ते थांबणेही गाण्यातच जमा आहे, असा संस्कार त्याच्यावर झालेला असतो. परंतु बाजारात विकावयाच्या तबकडीची रीत निराळी. तिथे क्षणाचीही किंमत आकारली जाते. अमेरिकेत १९६० नंतरच्या पाच-सात वर्षांत नभोवाणीवर वाजणारे लोकप्रिय गाणे बहुधा तीन मिनिटांच्या आत आटोपत असे. गायकाचा आवाज लवकर कानी पडला नाही, तर ऐकणारा दुसरे केंद्र लावील, अशी धास्ती गाणी विकणाऱ्यांना वाटत असे.

ज्या देशात हा व्यवहार इतका काटेकोर होता, त्याच देशात जुलै १९७२ मध्ये एक दीर्घवादन तबकडी प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘ऑल डायरेक्शन्स’, म्हणजे सर्व दिशा. गाणाऱ्या संचाचे नाव ‘द टेम्प्टेशन्स’. पाच कृष्णवर्णीय गायकांचा हा संच डेट्रॉइट शहरातला. या तबकडीच्या पहिल्या बाजूवरील तिसरे गाणे सुरू होते, वाद्ये एकामागून एक येऊ लागतात, आणि जवळजवळ चार मिनिटे होईपर्यंत गाण्यातला एक शब्दही ऐकू येत नाही. संपूर्ण गाणे सुमारे पावणेबारा मिनिटांचे आहे. म्हणजे पाच गायकांच्या नावावर विकल्या गेलेल्या या गाण्याचा पहिला एक-तृतीयांश भाग गायकांवाचून गेला आहे. हे कोणी घडवून आणले, त्यातून काय साधले आणि त्यापायी कोणाला काय सोसावे लागले, हे समजून घेण्यासारखे आहे. गाणे नेमके कोणाचे, हा जुना प्रश्न त्या चार मिनिटांत दडलेला आहे.

या संगीताला ‘सोल’ आणि ‘फंक’ अशी नावे आहेत. ‘सोल’ म्हणजे आत्मा. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रविवारी जी भजने होत, त्यांना ‘गॉस्पेल’ म्हणतात. एकाने ओळ टाकावी, इतरांनी ती उचलावी, टाळ्यांचा ठेका धरावा. गाणाऱ्याचा आवाज भरून यावा, फाटावा, किंचाळीपर्यंत जावा, आणि त्या फाटण्याला कोणी दोष मानू नये, अशी ती गायकी. कीर्तनात बुवांनी म्हटलेला चरण मागच्या टाळकऱ्यांनी झेलावा, किंवा शाहिराच्या पाठीमागे झीलकऱ्यांनी झील धरावी, त्याच कुळातील हा प्रकार होय. १९५० नंतरच्या दशकात रे चार्ल्स आदी गायकांनी ही देवाघरची गायकी माणसांच्या प्रेमाला आणि विरहाला लावली. धर्मनिष्ठांना तो भ्रष्टाचार वाटला. तरुणांना तो आपला आवाज वाटला. सोल संगीताचा उगम तो हा.

फंक हे सोलचे धाकटे भावंड. १९६५ च्या सुमारास जेम्स ब्राउन या गायकाने चालीपेक्षा लयीला मान दिला. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आपण समेवर देतो तसा, त्याने जोर दिला. प्रत्येक वाद्याने एक लहानसा तुकडा घ्यावा, तो न थकता पुन्हा पुन्हा वाजवावा, आणि असे अनेक तुकडे एकमेकांत दात्यांच्या चाकांसारखे बसावेत, ही फंकची घडण. सोलमध्ये गायक हा राजा होता. फंकमध्ये लय सिंहासनावर बसली, आणि गायक दरबारातील एक मानकरी झाला. ‘ऑल डायरेक्शन्स’मधील संघर्षाचे बीज या पालटात आहे.

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. दक्षिणेतील कापसाच्या शेतांतून निघालेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कारखान्यांतील रोजगाराच्या ओढीने तिथे येऊन वसली. त्यांच्याच मुलांपैकी बेरी गॉर्डी हा तरुण. त्याने मुष्टियुद्धात नशीब अजमावले. तबकड्यांचे दुकान काढले, ते बुडाले. मग फोर्ड कंपनीच्या मोटारी जोडण्याच्या पट्ट्यावर त्याने काम केले. १९५९ साली कुटुंबाच्या सामाईक गंगाजळीतून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने गाण्यांचा धंदा सुरू केला. मोटार टाउन, म्हणजे मोटारींचे गाव, या शब्दांवरून त्याने कंपनीला ‘मोटाउन’ हे नाव दिले. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरील एका साध्या घरात ध्वनिमुद्रणाची खोली होती. कारखान्यात एका टोकाला लोखंडी सांगाडा आत जातो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत मोटार बाहेर पडते; त्याचप्रमाणे रस्त्यावरचा अनोळखी पोरगा एका दाराने आत यावा आणि नामांकित गायक होऊन बाहेर पडावा, ही गॉर्डीची कल्पना. त्यासाठी गीतकार निराळे, वादक निराळे, पदन्यास शिकविणारे निराळे, चारचौघांत कसे बसावे-बोलावे हे शिकविणाऱ्या बाई निराळ्या. तयार झालेले गाणे बाजारात पाठवावे की नाही, हे ठरविण्यासाठी मोटारींच्या कारखान्यातल्यासारखी परीक्षकांची बैठक भरत असे.

या कारखान्यातून बाहेर पडलेल्या संचांत टेम्प्टेशन्सचे स्थान फार वरचे. डेट्रॉइटमधील दोन लहान संच एकत्र येऊन तो जन्मला आणि १९६१ साली मोटाउनच्या सेवेत रुजू झाला. ओटिस विल्यम्स मूळचे टेक्सास राज्यातील, मेल्विन फ्रँकलिन अलाबामातील मंटगमरी गावचे. एडी केन्ड्रिक्स आणि पॉल विल्यम्स हेही अलाबामाचेच, बर्मिंगहॅम शहरातले. १९६४ मध्ये मिसिसिपीचा डेव्हिड रफिन त्यांना येऊन मिळाला. त्या वर्षाच्या अखेरीस निघालेले ‘माय गर्ल’ हे गाणे मार्च १९६५ मध्ये देशात पहिल्या क्रमांकावर गेले. एकसारखे कपडे, एकसारखी पावले आणि पाच निरनिराळ्या उंचीचे आवाज, अशी त्यांची मूर्ती लोकांच्या मनात ठसली.

संच जुना होतो तसा त्याला तडे जातात. १९६८ मध्ये रफिनला काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी डेनिस एडवर्ड्स आला. १९७१ मध्ये केन्ड्रिक्स स्वतः होऊन बाहेर पडला. त्याच वर्षी पॉल विल्यम्सची प्रकृती इतकी ढासळली की त्याला रंगमंच सोडावा लागला. त्याच्या आजारपणात रिचर्ड स्ट्रीट नावाचा गायक पडद्याआड उभा राहून त्याचे भाग गात असे. प्रेक्षकांना पुढे दिसणारा एक आणि ऐकू येणारा दुसरा, असा तो काळ. पुढे स्ट्रीट पडद्याआडून पुढे आला. केन्ड्रिक्सच्या जागी बाल्टिमोरचा डेमन हॅरिस हा विशीतला तरुण आला. याने शाळकरी वयात टेम्प्टेशन्सची नक्कल करणारा संच काढला होता, आणि केन्ड्रिक्स हे त्याचे दैवत होते. भक्ताला देवाच्या पाटावर बसविले, तर त्याची जी अवस्था होईल ती त्याची झाली असली पाहिजे. ‘ऑल डायरेक्शन्स’ गाणारे पाच जण ते हेच: एडवर्ड्स, फ्रँकलिन, स्ट्रीट, हॅरिस आणि ओटिस विल्यम्स. मूळच्या संचातले दोनच उरले होते.

या पाचांच्या वर एक सहावा होता. त्याचे नाव नॉर्मन व्हिटफील्ड. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९४० साली जन्मलेला हा तरुण मोटाउनच्या परीक्षकांच्या बैठकीत बसता बसता दिग्दर्शक झाला. बॅरेट स्ट्राँग या गीतकाराची जोड त्याला मिळाली. स्ट्राँगने १९५९ साली स्वतः गायलेले ‘मनी’ हे मोटाउनचे पहिले यशस्वी गाणे होते. व्हिटफील्ड चाल आणि रचना पाही, स्ट्राँग मुख्यतः शब्द लिही. ओटिस विल्यम्सनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. १९६८ मध्ये स्लाय अँड द फॅमिली स्टोन या संचाचे नव्या पद्धतीचे संगीत त्यांनी व्हिटफील्डच्या कानी घातले. ही चार दिवसांची लाट आहे, म्हणून त्याने ते झटकून टाकले. पण बी पडले होते. थोड्याच काळात ‘क्लाउड नाइन’ हे गाणे त्याने रचले. त्यात एकच प्रमुख गायक नव्हता. पाचही जण ओळी वाटून घेत होते आणि विषय प्रेमाचा नसून दारिद्र्याचा होता. १९६९ साली या गाण्याने मोटाउन कंपनीला तिचे पहिले ग्रॅमी पारितोषिक मिळवून दिले.

प्रेमगीतांच्या कारखान्यात दारिद्र्य शिरले, याला बाहेरचे कारणही होते. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये भीषण दंगल झाली. पाच दिवसांत ४३ माणसे मेली, सात हजारांहून अधिक पकडली गेली. गोरी कुटुंबे शहर सोडून उपनगरांकडे जाण्याची रीत त्यापूर्वीच सुरू झाली होती. दंगलीनंतर तिला वेग आला. १९५० च्या शिरगणतीत डेट्रॉइटची वस्ती १८ लाख ४९ हजार होती. १९७० मध्ये ती १५ लाख ११ हजारांवर आली, आणि तीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के झाले. शेजारचे घर रिकामे होते, शाळेतील बाके रिकामी होतात, दुकानाला कुलूप लागते. अशा शहरात राहणाऱ्या गायकांनी केवळ चांदण्याची गाणी गात राहावे, ही अपेक्षा व्हिटफील्डला मान्य नव्हती.

‘ऑल डायरेक्शन्स’ या तबकडीवर आठ गाणी आहेत, आणि तिचे नाव सार्थ आहे. पहिले गाणे ‘फंकी म्युझिक शो नफ टर्न्स मी ऑन’. ते एडविन स्टार या गायकाने आधी गायिले होते. नाचाला बोलावणारे, दणदणीत. दुसरे ‘रन चार्ली रन’ हे कडवट उपहासाचे. काळा शेजारी राहावयास आला की घर विकून पळ काढणाऱ्या गोऱ्या गृहस्थाची त्यात टर उडविली आहे. मागून येणारे घाबरलेल्या गोऱ्या माणसाचे सोंगी आवाज ऐकताना प्रथम हसू येते आणि मग ते हसू घशात अडकते. तिसरे गाणे ते पावणेबारा मिनिटांचे. दुसऱ्या बाजूवर वळावे तो वातावरण पालटते. ‘लव्ह वोक मी अप धिस मॉर्निंग’ हे प्रसन्न प्रेमगीत आहे. ‘द फर्स्ट टाइम एव्हर’ हे इवन मॅकॉल या ब्रिटिश कवी-गायकाचे १९५७ चे गीत रॉबर्टा फ्लॅक यांच्या कंठातून १९७२ मध्ये अमेरिकाभर गाजत होते. ते इथे रिचर्ड स्ट्रीटने हळुवार गायिले आहे. ‘मदर नेचर’मध्ये एडवर्ड्सच्या आवाजातील आर्तता आहे, आणि शेवटी आयझॅक हेज याचे ‘डू युअर थिंग’. संचाला जे गाणे प्रिय होते, ते बहुतांशी या दुसऱ्या बाजूवर आहे. व्हिटफील्डला जे करून दाखवावयाचे होते, ते पहिल्या बाजूवर. तबकडीच्या दोन बाजूंत जणू त्यांनी वाटणी करून घेतली होती.

आता त्या तिसऱ्या गाण्याकडे वळू. त्याचे नाव ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’. घरंगळणाऱ्या धोंड्यावर शेवाळ धरत नाही, अशी इंग्रजीत म्हण आहे. एका ठिकाणी न टिकणाऱ्या माणसाला तिथे घरंगळणारा धोंडा म्हणतात. हे गीत प्रथम १९७२ मध्येच व्हिटफील्डने आपल्या हाताखालील दुसऱ्या एका संचाकडून, ‘द अनडिस्प्यूटेड ट्रूथ’कडून, गाऊन घेतले होते. लहान, आटोपशीर. त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. व्हिटफील्डने ते उसवले, ताणले, आणि कितीतरी अधिक लांबीच्या वस्त्रात पुन्हा विणले.

गीतातील प्रसंग घरगुती आहे. बाप मेला आहे. मुले आईभोवती जमली आहेत. या मुलांनी बापाला कधी नीट पाहिलेलेही नाही. त्यांच्यापाशी आहेत त्या लोकांनी सांगितलेल्या गोष्टी. तो काम करीत नसे म्हणे. त्याचे दुसरीकडेही बिऱ्हाड होते म्हणे. तो देवाचे नाव घेऊन उपदेश करी आणि लबाडीही करी म्हणे. एकेक मूल एकेक वदंता आईपुढे ठेवते आणि विचारते, आई, हे खरे का? आई मान खाली घालते आणि दर वेळी एकच उत्तर देते: तो भटक्या होता, आणि जाताना आपल्याला एकटेपणाखेरीज काही ठेवून गेला नाही. ती नवऱ्याची बाजू घेत नाही, त्याला शिव्याही देत नाही. मुलांनी प्रश्न बदलावेत आणि आईचे उत्तर बदलू नये, यात त्या संसाराची सारी हकीकत येऊन जाते.

मुलांच्या भूमिका चार गायकांनी वाटून घेतल्या आहेत. एडवर्ड्सचा खरखरीत, संतप्त आवाज. स्ट्रीटचा मधला, समजुतीचा. हॅरिसचा बारीक, किशोरासारखा. आणि फ्रँकलिनचा पाताळातून आल्यासारखा खर्ज. एकाच घरातील थोरला आणि धाकटा, रागीट आणि भाबडा, असे चार स्वभाव आवाजाच्या जातीवरूनच ओळखू येतात. ओटिस विल्यम्स इतरांबरोबर मागून साथ देतात. पाच कंठांचा संच बाळगण्याचे सार्थक कशात आहे, हे पाहावयाचे तर इथे पाहावे. ही गोष्ट एकट्या गायकाला सांगता आली नसती. एका माणसाचे दुःख हा विलाप होतो, भावंडांचे दुःख हे घर होते.

आणि ती चार मिनिटे? प्रथम बेस गिटारवर मोजके चार-सहा स्वर येतात आणि थांबतात. झांजेवर बारीक, अखंड टकटक चालू राहते. पुन्हा तेच स्वर, पुन्हा तीच पोकळी. मग व्हायोलिनांचा समूह दुरून वर चढतो. गिटार येते, तिला जोडलेली पायाची पट्टी वर-खाली दाबल्याने ती माणसासारखी ‘वा-वा’ असे बोलू लागते. हे वाजविणाऱ्या मेल्विन रेगिन या तरुणाला पुढे लोक ‘वा वा वॉटसन’ याच नावाने ओळखू लागले. मग एक तुतारी वाजते, आणि तिच्या प्रत्येक स्वराचा प्रतिध्वनी ओसाड गल्लीत फिरल्यासारखा परत येतो. टाळ्यांचा ठेका येतो. पाश्चात्त्य संगीतात चालीखालचे स्वरमेळ बदलत राहतात, आणि त्या बदलानेच गाणे पुढे सरकते. इथे आरंभापासून अखेरपर्यंत एकच मेळ आहे. आपल्या तंबोऱ्यासारखा तो एका जागी उभा असतो, आणि बाकीचे सारे त्याच्याभोवती ये-जा करते. वाद्यरचना करणारे पॉल रायझर आणि व्हिटफील्ड यांनी हे सारे जाणूनबुजून केले. बाप ज्या घरात नाही त्या घराचे वर्णन शब्दांनी करण्याआधी त्यांनी ते घर बांधून दाखविले. कोणीतरी येणार, येणार, अशी वाट ऐकणारा पाहतो आणि कोणी येत नाही. चार मिनिटांनी मुलगा बोलू लागतो तेव्हा श्रोत्याने त्याच्याबरोबर वाट पाहिलेली असते.

पण ज्यांनी हे गावयाचे, त्यांना हे गाणे नको होते. त्यांना ‘माय गर्ल’सारखी, १९७१ च्या ‘जस्ट माय इमॅजिनेशन’सारखी गोड गाणी पाहिजे होती. आपल्या गाण्यात आपण गातो त्याहून वाद्ये अधिक वाजतात, याची त्यांना चीड होती. एडवर्ड्सची तक्रार निराळीच होती. गाण्याचा आरंभच बापाच्या मृत्यूच्या तारखेने होतो. एडवर्ड्सचे वडील चर्चमधील उपदेशक होते. मुलगा त्यांच्याच चर्चमध्ये गाऊन मोठा झाला. ती तारीख त्यांच्याच मृत्यूची, अशीही एक कथा फिरत राहिली. ती दंतकथाच होय. परंतु सांगितले जाते ते असे की एडवर्ड्स नेहमीच्या सवयीने त्या ओळी जोशात गाऊ लागला आणि व्हिटफील्डने त्याला थांबविले. पुन्हा म्हण. पुन्हा. पुन्हा. अखेर गायक इतका वैतागला की त्याचा जोश विझला आणि एक दबलेला, कडू, घोगरा स्वर तेवढा उरला. दिग्दर्शकाला तोच पाहिजे होता. आज ती तबकडी ऐकताना ज्या स्वराने अंगावर काटा येतो, त्यातला बापाविषयीचा राग किती आणि दिग्दर्शकाविषयीचा किती, हे कोणाला सांगता येईल?

लांबलचक गाण्याचे सुमारे सात मिनिटांचे रूप करून ते सप्टेंबर १९७२ मध्ये स्वतंत्र तबकडीवर काढण्यात आले. तिच्या मागल्या बाजूवर तेच गाणे केवळ वाद्यांवर होते. डिसेंबर १९७२ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ‘ऑल डायरेक्शन्स’ ही दीर्घवादन तबकडी दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. १९७३ च्या ग्रॅमी समारंभात एकाच गाण्याने तीन पारितोषिके नेली. गायनाचे पारितोषिक संचाला. वाद्यरूपाचे व्हिटफील्ड आणि रायझर यांना. गीतरचनेचे व्हिटफील्ड आणि स्ट्राँग यांना. गाणे कोणाचे, या प्रश्नावर परीक्षकांनी जणू तीन वाटे घालून निवाडा दिला. मात्र चौथा वाटा कोणालाही आठवला नाही. ज्यांच्या बोटांनी ती चार मिनिटे वाजली, त्या वादकांचे नाव कोठेही नव्हते.

डेट्रॉइटच्या या वादकांना ‘फंक ब्रदर्स’ म्हणत. त्यांतील बहुतेक जॅझ वाजविणारे. दिवसा मोटाउनच्या खोलीत आणि रात्री शहरातील क्लबांत ते वाजवीत. ध्वनिमुद्रणाच्या त्या बुटक्या खोलीला त्यांनी ‘सापांचा खड्डा’ असे नाव दिले होते. मोटाउनच्या यशाचा पाया त्यांनी घातला. पण मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीपर्यंत त्यांची नावे वेष्टनावर छापण्याची रीत नव्हती. १९७२ मध्ये कंपनीने आपला कारभार डेट्रॉइटहून लॉस एंजेलिसला हलविला. वादक एके दिवशी नेहमीप्रमाणे कामावर आले, तो दारावर कागद चिकटविलेला, आज काम नाही, अशी आठवण त्यांतील काहींनी सांगितली आहे. ज्या वर्षी घर टाकून गेलेल्या बापाचे गाणे त्या घरात तयार झाले, त्याच वर्षी त्या घराचा कर्ता ते घर सोडून गेला. योगायोगच, परंतु वादकांच्या मुलांना तो योगायोग वाटला असेल असे नाही.

व्हिटफील्डने विजयाचा अर्थ आपल्या परीने लावला. १९७३ च्या ‘मास्टरपीस’ या तबकडीतील त्याच नावाचे गाणे त्याने जवळजवळ चौदा मिनिटांचे केले, आणि त्यात गायकांना आणखी कमी जागा उरली. संचाचा संयम संपला. त्या वर्षाच्या अखेरीस निघालेल्या तबकडीनंतर दोघांचे मार्ग वेगळे झाले. दोघेही पुढे काम करीत राहिले, दोघांनाही यश मिळाले. परंतु १९७२ चे ते गाणे दोघांपैकी कोणालाही एकट्याने पुन्हा साधले नाही. गायकांना गाण्यात अधिक जागा मिळाली, पण उभे राहावयास तशी पोकळी मिळाली नाही. दिग्दर्शकाला पोकळी निर्माण करता येत होती, पण तीत पाऊल टाकताना ज्याच्या आवाजाने काळजात धस्स व्हावे, असा माणूस रोज मिळत नाही.

मग गाणे कोणाचे? कारखान्याचा न्याय लावला, तर ज्याचे भांडवल त्याचा माल. दरबारी न्याय लावला, तर ज्याचा कंठ त्याचे गाणे. व्हिटफील्डचा न्याय असा की ज्याने सारे ऐकले आणि जोडले, त्याचे ते. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते एकमेकांशी भांडले. भांडण नसते तर एडवर्ड्सने त्या ओळी आपल्या नेहमीच्या डौलात म्हटल्या असत्या आणि गाणे चांगले झाले असते. आज झाले आहे तसे झाले नसते. कलेच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळ नाहीत. मात्र त्यांतून भांडणच कलेला पोषक, असा सोपा सिद्धांत काढू नये. त्या भांडणात पडद्याआड गेलेला पॉल विल्यम्स होता. ऑगस्ट १९७३ मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्याचा शोचनीय अंत झाला. त्या भांडणात दारावरचा कागद वाचून परतलेले वादकही होते. हिशेब मांडावयाचा तर या खर्चासह मांडला पाहिजे.

काळाने त्यातील काही देणी फेडली. १९८५ साली वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील ते घर संग्रहालय झाले. १९८९ मध्ये टेम्प्टेशन्सना रॉक संगीताच्या सन्मानगृहात स्थान मिळाले. २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर चित्रपट निघाला, आणि २००४ मध्ये ग्रॅमीच्या संस्थेने त्यांचा जीवनगौरव केला. त्यांतील कित्येक तोवर हयात नव्हते. मेल्विन फ्रँकलिन १९९५ मध्ये वारले. डेमन हॅरिस आणि रिचर्ड स्ट्रीट हे दोघे फेब्रुवारी २०१३ मध्ये एकाच महिन्यात गेले. व्हिटफील्ड २००८ मध्ये, डेनिस एडवर्ड्स १ फेब्रुवारी २०१८ रोजी आणि बॅरेट स्ट्राँग २०२३ मध्ये निवर्तले. ती तबकडी गाणाऱ्या पाचांपैकी एडवर्ड्सनंतर मागे उरले ते संचाचे संस्थापक ओटिस विल्यम्स.

हे गाणे ऐकावयाचे असेल तर ते पुरे ऐकावे. पहिली चार मिनिटे ओलांडून थेट शब्दांवर जाण्याची सोय आता प्रत्येकाच्या बोटाशी आहे. तो मोह टाळावा. कारण ती मिनिटे ओलांडली, तर मुलाचा पहिला शब्द हा केवळ गाण्याचा पहिला शब्द राहतो. वाट पाहून ऐकला, तर तो एका घरातील दीर्घ शांततेचा शेवट होतो. मुले विचारतात, आई तेच उत्तर देते, टाळ्यांचा ठेका चालू राहतो, आणि शेवटी आवाज थांबून पुन्हा वाद्येच उरतात. बाप कसा होता, हे मुलांना कळत नाही. आपण कोणाबरोबर उभे आहोत, हे मात्र त्यांना कळलेले असते.